खालांचा आवाज आणि कपाटावरचा जुना कॉम्प्युटर : लिनक्सवर घरच्या घरी रेकॉर्डिंग

धुळ्याला माझ्या मोठ्या खालांचा इंतकाल झाला, त्याच्या चाळीसाव्याला घरच्या बायका बसल्या होत्या. कोणीतरी विचारलं, खालांची रुखसतीची गाणी कुणाकडे आहेत? चार-पाच जणींनी मोबाईल काढले. माझ्याकडे तर नक्की असणार अशी माझी समजूत होती. पण मधल्या काळात माझा मोबाईल बदलला होता आणि व्हॉइस नोट जुन्यातच राहिल्या होत्या. शेवटी एका भाचीकडे चाळीस सेकंदांचा तुकडा सापडला. त्यात खाला गातायत आणि मागे मिक्सर चालू आहे. बस्स, तेवढंच उरलं.

हे फक्त आमच्याच घरात होतं असं नाही. खानदेशातल्या मुस्लिम घरांत हळद-मेहंदीची गाणी, लोऱ्या, जुन्या नाती, मोहर्रमचे मरसिये हे सगळं बायकांच्या आणि बुजुर्गांच्या तोंडी आहे. आमच्या घरची उर्दू तरी कोणत्या किताबात सापडते? तिच्यात अहिराणी शब्द बिनदिक्कत येऊन बसतात. यावल, रावेर, चोपड्याकडच्या तडवी वस्त्यांमध्येही जे गायलं-सांगितलं जातं, त्यातलं लिहून ठेवलेलं फार थोडं. बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या लिहीत नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, पुस्तक निघालं आणि आज आपली मुलं शाळेत त्या कविता पाठ करतात. मात्र कागदावर शब्द उतरतात, आवाज नाही उतरत. आज आवाज उतरवायला लागणारं सामान जवळपास प्रत्येक घरात आहे.

पहिला प्रश्न मला ठाऊक आहे : मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला? मोबाईलवर रेकॉर्ड करा, जरूर करा, काहीच नसण्यापेक्षा ते हजार पटीनं बरं. पण व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट आवाज दाबून लहान करते आणि त्यात गेलेला बारकावा परत येत नाही. पाठवायचंच असेल तर मूळ फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. शिवाय साफ करणं, तुकडे जोडणं, नावं देऊन नीट ठेवणं ही कामं मोठ्या पडद्यावर सोपी जातात.

दुसरा प्रश्न पैशाचा. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर कपाटावर धूळ खात पडलेला असतो. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि असल्या बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. मग दुकानदार एक तर नवीन घ्या म्हणतो, नाही तर कुठून तरी क्रॅक टाकून देतो. क्रॅक म्हणजे सरळ सरळ चोरीचा माल. पोरांना हलाल-हराम शिकवायचं आणि घरात हा माल चालवायचा, हे मला पटत नाही. वर त्याच्यातून व्हायरस येतो तो वेगळाच.

लिनक्समध्ये ही अडचणच येत नाही. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे : वापरा, वाटा, सुधारा. त्यावर रेकॉर्डिंगसाठी चालणारं ऑडॅसिटी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालं आणि २००० साली लोकांसमोर आलं. तेही खुलं आणि फुकट. हौशी लोकांचं खेळणं समजू नका. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प लिनक्ससकट कितीतरी खुली सॉफ्टवेअर साधारण दहा-दहा मिनिटांच्या धड्यांतून शिकवतो, मराठीतूनही. ऑडॅसिटीवरही त्यांचे धडे आहेत. एका खिडकीत धडा लावायचा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचं. आमच्यासारख्या बीएडवाल्यांना ही पद्धत लगेच पटते.

आता बसवायचं कसं ते पाहू. लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत, नावं वाचून घाबरू नका. जुन्या मशीनसाठी लिनक्स मिंटचा 'एक्सएफसीई' प्रकार घ्या. रॅम ४ जीबी असेल तर आरामात चालतो. आवाज, चित्र, व्हिडिओ अशा कामांसाठी जुळवलेला उबुंटू स्टुडिओ २००७ पासून आहे, त्यात बरीच अवजारं आधीच बसवलेली मिळतात. पण तो जड आहे आणि एवढी अवजारं पाहून नवीन माणूस बावचळतो. नानीच्या लोरीसाठी त्याची गरज नाही.

चालू कॉम्प्युटरवर मिंटची फाईल उतरवून घ्या आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं ती ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर चढवा. पेनड्राईव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. नंतर जुना कॉम्प्युटर त्या पेनड्राईव्हवरून सुरू करायचा. त्यासाठी चालू करताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप दाबावं लागतं, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. आता महत्त्वाचं : मिंट हार्डडिस्कला हात न लावता थेट पेनड्राईव्हवरून चालतो. म्हणून बसवण्याआधीच माइक लावून पाहा. साउंड सेटिंग्जमध्ये 'इनपुट'वर जा, बोला, पट्टी हलते का बघा. हलली म्हणजे मशीन कामाचं आहे. मगच 'इन्स्टॉल' करा, आणि त्याआधी जुने फोटो नि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका घरी घाईत लग्नाचा अल्बम गेला. त्यात लिनक्सचा काही दोष नव्हता.

ऑडॅसिटी मिंटच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मध्ये नाव टाकलं की मिळतं. काळ्या पडद्यावर काही टाइप करावं लागत नाही. तिथं एकाच नावाचे दोन पर्याय दिसले तर 'सिस्टीम पॅकेज'वाला निवडा. बंदिस्त डब्यासारखे येणारे फ्लॅटपॅक किंवा स्नॅप हे प्रकार वाईट नाहीत, पण त्यांना कधीकधी माइकची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि माणूस उगाच तासभर डोकं धरून बसतो.

लिनक्सवर आवाज चालत नाही, ही तक्रार तुम्ही कुणाकडून तरी ऐकली असेल. ती अगदीच खोटी नव्हती. पूर्वी रोजच्या आवाजासाठी पल्सऑडिओ आणि स्टुडिओच्या कामासाठी जॅक अशा दोन व्यवस्था होत्या. त्या एकाच साउंड कार्डावर हक्क सांगायच्या. एक चालू केली की दुसरी मुकी. आता पाइपवायर ही नवी व्यवस्था दोघींचं काम एकटी सांभाळते. उबुंटूनं ती २०२२ मध्ये आणि मिंटनं २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीत घेतली. म्हणून नवीन आवृत्तीच उतरवा.

ऑडॅसिटी उघडल्यावर 'ऑडिओ सेटअप'मध्ये रेकॉर्डिंगसाठी 'डिफॉल्ट' निवडा आणि चॅनेल एक ठेवा, म्हणजे मोनो. एका माणसाच्या आवाजाला स्टीरिओ लागत नाही, जागा मात्र दुप्पट खातो. दर ४४१०० असू द्या. एका सेकंदात आवाजाची ४४१०० वेळा मोजणी होते, असा त्याचा अर्थ. १६ बिट मोनो डब्ल्यूएव्ही फाईल मिनिटाला साधारण ५ एमबी होते, तासाला सव्वातीनशे एमबीच्या आत. १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर जवळजवळ पन्नास तास मावतात.

माइक काही शे रुपयांचा कॉलरला लावायचा चालेल, पण त्याची पिन पाहून घ्या. मोबाईलसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. ती लॅपटॉपच्या एकाच भोकाला चालते, पण डेस्कटॉपच्या गुलाबी-हिरव्या दोन भोकांसाठी मधे जोडणी लागते. यूएसबी माइक घेतला तर बहुतेक वेळा ड्रायव्हरची भानगड नाही, लावला की चालू. गाणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत अंतर, थोडा बाजूला. आधी दहा सेकंद सगळ्यात वरच्या सुरात गायला सांगा. पडद्यावरच्या लाटांची उंची पट्टीच्या अर्ध्याच्या आसपास राहिली पाहिजे, आकड्यांत उणे १२ ते उणे ६ डेसिबल. लाट वरच्या काठाला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. कमी असलेला नंतर वाढवता येतो.

सॉफ्टवेअरइतकंच खोलीला महत्त्व आहे. उघड्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमारा नंतर नीट निघत नाही. गोधड्या अंथरा, पडदे ओढा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्या बाजूला बसा. खरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. जळगावचा मे महिना आणि पंखा-कूलर बंद, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा छळच. मी फजरनंतरची वेळ धरते. हवा गार असते, रस्ता शांत असतो, आणि आजी तशाही उठलेल्याच असतात. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ठेवा, विजेची घुंई बऱ्याचदा त्याच्यातूनच येते. लाईट गेली तर उलट उत्तमच, सगळ्या मोहल्ल्याचे कूलर एकदम गप्प होतात.

गाणं सुरू होण्याआधी पाच सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. हीच पुढे कामाला येते. तेवढाच भाग निवडून 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडून लावा. पहिल्यांदा तुम्ही खोलीची घरघर कशी असते ते त्याला दाखवता, दुसऱ्यांदा तो ती कमी करतो. आधीपासून असलेले आकडे फार वाढवू नका, नाही तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. आणि हे सगळं प्रतीवर करा. मूळ फाईलला कधीही हात लावायचा नाही.

इथं बरेच जण एक चूक करतात. 'सेव्ह' केलं की ऑडॅसिटीची स्वतःची प्रोजेक्ट फाईल बनते, ती मोबाईलवर वाजत नाही. म्हणून 'एक्स्पोर्ट' करून डब्ल्यूएव्ही काढा, ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि वाटण्यासाठी एमपी३ वेगळी करा. फाईलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. 'रेकॉर्डिंग नवीन २' असं नाव दिलं तर वर्षभरात तुम्हालाच ओळखू येणार नाही.

दफवाला वेगळा, गाणारे चार वेगळे, असं काम करायचं असेल तर ऑडॅसिटी तोकडं पडतं. तिथं आर्डर घ्यावं. त्यांच्या वेबसाईटवर तयार प्रोग्रामचे पैसे मागतात, पण मिंट-उबुंटूच्या भांडारात तो फुकट मिळतो. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. मौसिकी आणि वाद्यांबाबत आपल्यात मतभेद आहेत, तो विषय उलेमांचा. मी इथं माणसाच्या आवाजाबद्दल लिहितेय.

आणि आवाज कुणाचा, हे विसरायचं नाही. धाकट्या खालांसमोर माइक ठेवला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "हे कोण कोण ऐकणार?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते. त्या म्हणाल्या, "घरच्या बायका-पोरींनी ऐकावं. मोहल्ल्याच्या ग्रुपवर गेलं तर बघ." हे बोलणंही मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ठेवलंय आणि फाईलच्या नावापुढे 'फक्त घर' लिहिलंय. कुणी पुढे पाठवायला मागितलं तर आधी तेवढंच ऐकवते. एखाद्या आजीची हरकत नसेल तर तिची नात किंवा सलाम सगळ्यांना खुशाल ऐकवा. पण विचारल्याशिवाय नाही. गुपचूप मोबाईल लपवून रेकॉर्ड करणं मला चोरीच वाटतं, मग हेतू कितीही नेक असो.

तीन फजरमध्ये धाकट्या खालांची सात गाणी झाली. आठवं रुखसतीचं, मोठ्या खाला गायच्या तेच. त्याचा दुसरा बंद त्यांना आठवत नाही. डोळे मिटून बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, पारोळ्याला आपली एक आतेबहीण आहे, तिला येत असेल. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन जातेय.