समुद्राची तिथी

बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंब महाराष्ट्रात जाते ते बहुधा काही निमित्ताने. कोणाचे लग्नकार्य असते, कोणाच्या कुलदेवतेचा नवस फेडावयाचा असतो, कोणी मुंबई-पुण्याच्या नातलगांस भेटण्यास निघतो. अलीकडे त्यात आणखी एका निमित्ताची भर पडली आहे. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका हे भव्य थीम पार्क सुरू झाल्यापासून ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर येथील आपल्या मुलांस महाराष्ट्र म्हणजे प्रथम ते उद्यान, असे वाटू लागले आहे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु उद्यानाचे दोन दिवस ठरले, प्रवासाचे दिवस वजा झाले, की जो एक दिवस उरतो तो कोठे घालवावा, ह्यावर घरोघर वाद होतो, आणि बहुतेक घरांत अखेर कौल समुद्राच्या बाजूने पडतो. ह्या उरलेल्या एका दिवसाविषयी स्वानुभवाचे चार शब्द वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

आम्हां ग्वाल्हेरकरांस समुद्र परका आहे. मोठे पाणी म्हणजे तिघऱ्याचा जलाशय, एवढीच आमच्या मुलांची कल्पना. तथापि आमच्यापैकी कितीतरी घराण्यांचे मूळ कोकणात आहे. शिंदे सरकारांच्या सेवेत पूर्वज उत्तरेस आले आणि लष्करच्या गोठींतून व बाड्यांतून स्थिरावले. आमच्या मातोश्रींचे माहेरही असेच कोकणातून आलेले. परंतु ऐंशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. 'नारळी पौर्णिमेस नारळीभात मात्र न चुकता केला,' असे त्या हसून म्हणत. ते हसणे आम्हांस फार दिवस बोचत होते.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही प्रथम मुलांस घेऊन उद्यान पाहण्यास गेलो, तेव्हा मातोश्री बरोबर नव्हत्या. उन्हाळ्याचा प्रवास त्यांस झेपणारा नव्हता. आधी आपण वाट पाहून यावी, मग त्यांना न्यावे, असा विचार होता. उद्यानाचे दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी अलिबागला जाण्याचे ठरले. दिवस कोणता निवडावा, असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. जो उरला तो दिवस. सकाळी सावकाश न्याहारी करून निघालो आणि दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो.

पाहतो तो वाळूचा पट्टा म्हणून जवळजवळ नव्हताच. पाणी वरपर्यंत चढलेले. ज्या कुलाबा किल्ल्यात मुलांस पायी न्यावयाचे आम्ही कबूल केले होते, तो समोर चहूंकडून पाण्याने वेढलेला. डोक्यावर वैशाखाचे ऊन. मुलांचा हिरमोड झाला. त्यांची समजूत घालावी म्हणून त्यांना पाण्यात पाय भिजविण्याची परवानगी दिली. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. पाणी त्याच्या पोटरीपर्यंतही नव्हते. लाट आली, गेली, आणि जाताना तिने त्याच्या पायांखालची वाळूच ओढून नेली. तो पडला आणि बघता बघता दोन-तीन हात आत गेला. आम्ही धावलो, परंतु आमच्या आधी जवळच उभ्या असलेल्या एका वृद्ध कोळ्याने त्याचा दंड धरला आणि त्यास उचलून वाळूवर ठेवले. सारे काही क्षणांत घडले. मुलगा रडलाही नाही, इतका तो भ्याला होता.

आम्ही त्या गृहस्थांचे आभार मानू लागलो, तेव्हा त्यांनी आम्हांस एवढेच विचारले, की घरी पंचांग नाही काय? काल पौर्णिमा झाली, आज प्रतिपदा, उधाणाचे दिवस. पाऊण वाजता पूर्ण भरती झाली, आता पाणी फिरले आहे, आणि अशा वेळी मुलास पाण्यात कोण सोडतो?

आम्ही निरुत्तर झालो. मराठी शिकविण्यात आमचा जन्म गेला. जीवनातील भरती-ओहोटी, भावनांस आलेले उधाण, हे शब्द आम्ही वर्गात किती वेळा उच्चारले असतील, त्याची गणती नाही. परंतु भरती किती वाजता येते, हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ती वेळ आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून काढता येते, हेही ठाऊक नव्हते.

त्या वृद्धाने वाळूवर बसून आम्हांस जो हिशेब शिकविला, तो कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्यास ३ ने गुणावे आणि ४ ने भागावे. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. भरतीपासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. आमच्याकडे हिंदी भाषकांचा महिना पौर्णिमेस संपतो आणि आपला अमावास्येस, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याच्या नावावरून शेजाऱ्यांशी आपला नेहमी घोटाळा होतो. परंतु तिथी दोघांची एकच असते, आणि समुद्रास तेवढे पुरते.

ह्या हिशेबामागील कारण सोपे आहे. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने चढते-उतरते, आणि चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज जवळजवळ तितकीच मागे पडते. अमावास्या व पौर्णिमा ह्या सुमारास सूर्य आणि चंद्र ह्यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. तेव्हा पाणी फार चढते, तसेच फार उतरतेही. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून पाणी बेताचे चढते आणि बेताचेच उतरते. ह्यास कोकणात भांग म्हणतात. तिथीचा हा हिशेब स्थूल आहे. सरकारी तक्त्याच्या तुलनेत त्यात कधी अर्धा-पाऊण तासाचे, क्वचित तासाचेही अंतर पडते. म्हणून नेमकी वेळ तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावरील माणसांस विचारावी. परंतु ग्वाल्हेरला बसून, दोन महिने आधी, आगगाडीचे आरक्षण करण्यापूर्वी दिवस निवडण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

किनारा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा उद्यान आणि समुद्र शेजारी-शेजारी होते. खोपोलीचे उद्यान घाटाच्या पायथ्याशी आहे, तेथून समुद्र गाठण्यास प्रवास करावाच लागतो. काशीदची वाळू सुंदर आहे आणि मुरूडजवळचा जंजिरा पाहण्यासारखा आहे. परंतु अलिबागच्या पुढे काशीद सुमारे ३० आणि मुरूड सुमारे ५० किलोमीटर आहे. वृद्ध माणसे बरोबर असता एका दिवसात जाऊन येण्यास ते फार होते. खोपोलीहून पेणमार्गे अलिबाग सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे दोन तासांची वाट. शहर किनाऱ्यालगत असल्याने सावली, भोजन, वैद्य ही सोय जवळ असते. ज्यांना मुंबईहून जावयाचे असेल त्यांस मांडव्यापर्यंत बोट मिळते, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह नेणारी रो-रो बोटही आहे.

परंतु स्थळ चांगले म्हणून समुद्र चांगला, असे नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या रम्य किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ज्यांनी मुलांच्या सहली नेल्या आहेत, त्यांस ती बातमी विसरता येणार नाही. थीम पार्कमध्ये प्रत्येक खेळापाशी उंचीची पट्टी असते, पट्टा आवळणारा माणूस असतो, काही बिघडले तर यंत्र थांबविता येते. ह्या व्यवस्थेत दोन दिवस वावरलेले मूल तिसऱ्या दिवशी समुद्रासमोर येते, तेव्हा त्यास वाटते की येथेही कोणीतरी पट्टा आवळला आहे. हा भ्रम दूर करणे हे बरोबरच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे. पाणी फिरल्यावर मुलांस त्यात सोडू नये, पावसाळ्यात तर मुळीच नये, आणि भरती लागत असतानाही हात सोडू नये.

२०२५ च्या जानेवारीत, शाळेच्या शीतकालीन सुटीत, आम्ही पुन्हा निघालो. ह्या वेळी आधी तिथी ठरविली, मग गाडी. पौष शुद्ध पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. अमावास्या होऊन चारच दिवस झाल्याने पाणी पुरेसे मागे हटणार, हाही विचार होता. अष्टमी निवडली असती तर ओहोटी भर दुपारी आली असती, आणि भांगामुळे पाणी पुरते हटले नसते. मंगला एक्सप्रेसने ग्वाल्हेरहून थेट पनवेल गाठले. मुलांचे उद्यान पंचमीच्या आधी उरकले. तोच पुतण्या आता चौदा वर्षांचा झाला होता. उद्यानात तिसरा दिवस हवा, असा त्याचा प्रथम आग्रह होता. परंतु आजी समुद्र पाहणार म्हटल्यावर तोच गप्प झाला आणि पंचांग घेऊन बसला.

हिशेबात तासाची चूक धरून आम्ही साडेपाचलाच खोपोली सोडली. आठच्या आधी किनाऱ्यावर आलो, तेव्हा पाणी पार किल्ल्यापर्यंत मागे गेले होते आणि ओल्या वाळूवरून घोडागाड्या चालल्या होत्या. मुले पायी निघाली, मातोश्रींस गाडीत बसविले. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये हा किल्ला बांधविण्यास घेतला. पुढे कान्होजी आंग्रे ह्यांनी येथूनच पश्चिम समुद्रावर सत्ता चालविली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या सेवेतील बाबूराव आंग्रे ह्याच कुलाब्याच्या राजकारणात उतरले. म्हणजे ग्वाल्हेर आणि हा किल्ला अगदीच अनोळखी नाहीत. हे सांगता सांगता आम्ही १७५९ च्या सुमारास बांधलेल्या गणेशमंदिरात पोहोचलो. मातोश्रींनी दर्शन घेतले आणि तेथील गोड्या पाण्याचे कुंड पाहून हात जोडले.

गाडीवाल्याने ओहोटी सरण्यापूर्वीच परत फिरण्यास सांगितले आणि आम्ही तत्काळ फिरलो, कारण किल्ल्यात रमलेल्या मंडळींची वाट परतते पाणी बंद करते. किनाऱ्यावर आल्यावर मातोश्री गाडीतून उतरल्या. पुतण्याने त्यांचा हात घट्ट धरला होता. परतणाऱ्या पाण्याची पहिली पातळ लाट त्यांच्या पायांवरून गेली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "हे रोजच असे जाते आणि येते का रे?" पुतण्या म्हणाला, "हो आजी, दिवसातून दोनदा. उद्या पाऊण तास उशिरा."

त्या प्रवासास आता काही काळ लोटला. मातोश्रींचे गुडघे पुन्हा तसा प्रवास करू देतील, असे वैद्य म्हणत नाहीत. परंतु अष्टमीच्या दिवशी सायंकाळी सहाच्या सुमारास देवापाशी दिवा लावताना त्या हमखास म्हणतात, "आता अलिबागला भरती आली असेल."