सिस्टरांच्या वहीतला रकाना

लातूर जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात तपासणीच्या खोलीत शिरलं की आधी व्हिनेगरचा वास येतो. पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सिस्टर गर्भपिशवीच्या तोंडाला लावतात. "एक मिनिट हं, मावशी. अंग सैल सोडा." मग दिव्याच्या उजेडात नीट पाहतात. निरोगी भाग गुलाबी राहतो. पेशी बदलायला लागल्या असतील तर तिथं ठळक कडेचा पांढरा डाग उमटतो. हा बदल गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडू शकतो, आणि तेव्हा उपचारही सोपा असतो.

अडचण वेगळीच आहे. "मला काहीच होईना की, मग कशाला बघायचं?" असं बाहेरच्या बाकावरून एक बाई विचारतात. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं याला त्या दुखणं म्हणतच नाहीत.

या तपासणीचा एक मोठा कसोटी-प्रयोग इथून जवळच झाला आहे, हे मराठवाड्यात फार कमी लोकांना ठाऊक असतं. लातूर जिल्हा १९८२ मध्ये ज्या उस्मानाबादेतून वेगळा झाला, त्याच आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्सच्या लिऑनमधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या. काही गटांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, काहींत पॅप स्मिअर, काहींत ही ॲसेटिक ॲसिडची. नमुने घेण्याचं आणि डाग ओळखण्याचं काम प्रशिक्षित नर्सबाईंनी केलं. उरलेल्या गटांना नेहमीचीच आरोग्यसेवा आणि आजाराची माहिती मिळाली, तपासणी नाही.

निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ३४. ॲसेटिक ॲसिडच्या गटात मात्र ५६, म्हणजे फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. मुंबईत तीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथं तर दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी हे काम केलं होतं.

त्या ६४ जणींचा आकडा डोक्यातून जात नाही. तपासणीशिवाय गट ठेवणं योग्य होतं का, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढं कडक टीका केली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. पण प्रयोगानं जे सिद्ध झालं ते गावोगाव न नेणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. तीस वर्षांवरच्या बाईची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असं सरकारी धोरण म्हणतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के बायकांची ही तपासणी कधीतरी झालेली होती.

तपासणी नाही, पण भीती भरपूर आहे. "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य मराठवाड्यात नवं नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा साऱ्या राज्याला ते कळलं. ज्या भागात एका मिनिटाची तपासणी पोचत नाही तिथं शस्त्रक्रिया बिनदिक्कत पोचते, याचा राग यायलाच हवा.

तपासणी का पोचत नाही, यावर नर्सनं संशोधन करावं ते इथं. भारतात प्रगत परिचर्येचा 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रम आला तो आधी अतिदक्षता विभागासाठी. एम.एस्सी. नर्सिंगमध्ये कर्करोग परिचर्या शिकता येते, पण त्या शिक्षणाची वाट मोठ्या रुग्णालयाकडं जाते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडं पदवी नसेल, माहिती मात्र आहे. डाग दिसलेली बाई पुढच्या तपासणीला आली नाही तर त्या रजिस्टरशेजारच्या वहीत कारण लिहून ठेवतात. "सोयाबीन काढणी." "नवरा नको म्हणला." "तोडीला गेली." हा रकाना त्यांना कुणी भरायला सांगितलेला नाही, आणि तो वर कुणी मागतही नाही.

एचपीव्ही चाचणीत बाईला नमुना स्वतःच घेता येतो, त्यामुळं पडद्यामागची लाज कमी होईल. पण अहवाल येईपर्यंत मुखेड-कंधारकडची बाई ऊसतोडीच्या टोळीसोबत निघून गेलेली असेल. दिवाळीनंतर गेलेली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणार. तिला गाठायचं कसं? मुकादमाच्या फोनवर असली गोष्ट सांगायची का? की उचल घेतली जाते त्या दिवसांतच गावात तपासणी आणि उपचार उरकायचे? कोणत्या महिन्यात किती जणी परत येतात, हे या वहीवरून एका हंगामात मोजता येईल. सिस्टरांना त्यासाठी आठवड्यातला एक मोकळा दिवस आणि आकडेमोड शिकवणारं कुणीतरी हवं आहे.