आलेखातला ढोल

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. समजा, आदल्या रात्रीपासून वाटेवरच्या एका गच्चीवर ध्वनिमापक लावून ठेवला. पहाटेची शांतता ४० डेसिबल, ढोल दारासमोर आला की १००. हवेच्या दाबात हे ०.००२ आणि २ पास्कल, म्हणजे हजार पटींचा फरक. एक्सेलमध्ये पास्कलचे आकडे तसेच मांडले तर ढोलाचा सुळका तेवढा दिसतो. रातकिडे, लांबून गेलेली मोटरसायकल, सगळं खालच्या रेघेला चिकटून गायब!

म्हणून प्रत्येक आकड्याला ०.००००२ने भागायचं, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा आणि २०ने गुणायचं, की झाले डेसिबल. आता अख्खी रात्र आलेखात उलगडते.

मात्र अक्ष साधाच ठेवा, लॉग आधीच घेतलाय. स्तंभालेख तर नकोच. त्यात ९०चा खांब ४५च्या दुप्पट दिसतो, पण ध्वनीची तीव्रता तीस हजार पटींहून जास्त असते. सरासरीतही हाच घोळ होतो: सारख्याच वेळ चाललेल्या ६० आणि ८० डेसिबलची सरासरी ७० नव्हे, ७७.

अकोला असो की अमरावती, निवासी भागात रात्री दहानंतरची आवाजाची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ४५ डेसिबल आहे. ती रेघ आलेखावर लाल रंगात आडवी ओढा.