कुंपणापलीकडची विहीर

उज्जैनच्या जुन्या वस्तीत, रस्त्यालगतच्या या मोकळ्या प्लॉटवर पेट्रोल पंप होता, हे आता मधल्या सिमेंटच्या चौथऱ्यावरूनच कळतं. छप्पर गेलं, मशिनं गेली, जमिनीखालच्या गंजक्या टाक्याही उपसून नेल्या. 2028च्या सिंहस्थाच्या आत इथे लॉज उभं करायचं चाललं आहे. पाया खणण्याआधी माती आणि भूजल तपासून घ्यायला इंदूरहून चार माणसं आली आहेत.

टाक्यांच्या जुन्या खड्ड्याशेजारी ड्रिलिंगचं मशीन लावलंय. पाऊस अजून पडलेला नाही. काळी माती अशी भेगाळली आहे की एका भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत जातो. काळी माती चिकट, ती तेल खाली जाऊ देत नाही, असं बरेच जण समजतात. ओली असताना ते खरंही असतं. पण माळव्यातला उन्हाळा तिला अशी चिरत नेतो की सांडलेलं डिझेल सरळ खालच्या मुरमात उतरतं. मुरमाखाली बेसॉल्टचा कातळ, आणि त्याच्या सांध्यांत शिरलेलं तेल कुठे निघेल ते वरून सांगता येत नाही.

तीन मीटरवरची नळी वर येते. ड्रिलर ती दुभागून फळीवर ठेवतो. वरचा मुरूम तपकिरी, आणि मध्ये चारेक बोटं हिरवट करडा पट्टा. “मैडम, महक आ गई,” तो म्हणतो आणि बिडी पेटवायला निघालेल्या मदतनिसाला दूर पिटाळतो. मलाही येतो तो वास, गोडसर, घशाला धरणारा. भूगर्भतज्ज्ञ मुलगी पट्ट्यातलं ढेकूळ प्लास्टिकच्या पिशवीत टाकून तोंड बंद करते, थोडा वेळ उन्हात ठेवते आणि मग बाष्प मोजणाऱ्या यंत्राची नळी आत खुपसते. आकडा झरझर चढत जातो. त्यातून एवढंच कळतं की इथे इंधन आहे. बेन्झीन किती, टोल्युइन किती, हे प्रयोगशाळेत ठरेल. ती शिसंही तपासायला लावणार आहे, कारण शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे 2000 सालापर्यंत विकलं जात होतं, आणि हा पंप त्याहून जुना.

तीन भोकांत भोकाभोकांचे पाइप आधीच बसवलेत. आता त्यांतल्या एकात ती टेप सोडते. टेपेच्या टोकाला तेल लागलं की सलग सूर वाजतो, पाणी लागलं की तुटक. नऊ मीटरच्या आसपास सूर सुरू होतो. सलग. सगळे गप्प होतात. बोटभर खाली गेल्यावर तो तुटक होतो. म्हणजे पाण्यावर तेलाचा थर तरंगतो आहे, टाक्या काढून इतकी वर्षं झाल्यावरही. तिन्ही ठिकाणच्या पाण्याच्या पातळ्या ती कागदावर मांडते, त्रिकोण काढते, बाण ओढते. बाण पश्चिमेला, क्षिप्रेकडे.

पश्चिमेच्या भिंतीला लागून एक मराठी वाडा आहे आणि वाड्यात विहीर आहे. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनला राहिलेली अशी घरं इथे अजून आहेत. तिथल्या काकू मघापासून भिंतीवरून बघतायत. “पंप चालू होता ना, तेव्हा आमच्या पाण्याला घासलेटचा वास यायचा,” त्या म्हणतात. “आता नाही येत. प्यायला नळाचं, पण धुणं, आंघोळी सगळं विहिरीवरच.”

वास गेला म्हणजे पाणी सुधारलं, हा समज फार घातक आहे. पिण्याच्या पाण्यात बेन्झीन लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिभेला ते कळायला त्याच्या निदान पन्नासपट लागतं. रक्ताचा कर्करोग करणारं हे रसायन अंगात जातंय हे ना नाकाला कळत, ना जिभेला.

“विहिरीचं पाणी घेऊ?” मुलगी विचारते. प्लॉटमालकाचा माणूस लगेच पुढे होतो. वर्कऑर्डरमध्ये फक्त प्लॉट आहे म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. दूषित पाणी ज्या दिशेला सरकतंय, त्या दिशेची पहिली विहीर वगळून केलेली तपासणी कोणाच्या कामाची? नवीन पंप वस्तीपासून 50 मीटर लांब हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020मध्ये सांगितलं. जुलै 2025मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियमही आले, घाण करणाऱ्याने सफाईचा खर्च द्यावा असं सांगणारे. पण शेजारच्या विहिरीत कोणी पोहराच टाकला नाही, तर ती जागा त्या नियमांच्या नजरेस पडणार कशी?

मुलगी वाद घालत नाही. “दोन बाटल्यांचे पैसे मी भरते,” एवढं म्हणून वाड्यात जाते. विहिरीतून काढलेलं पाणी ती 40 मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत सावकाश, कडेकडेने सोडते. पाणी तोंडाशी फुगून उभं राहतं, तेव्हा झाकण लावते. बाटली उलटी करून टिचकी मारते. मोहरीएवढा बुडबुडा वर सरकतो. त्या बुडबुड्यात बेन्झीन निघून जातं आणि रिपोर्टवर आकडा खोटा कमी येतो, म्हणून ते सगळं पाणी ओतून देऊन ती नव्या बाटलीत पुन्हा भरते. या वेळी बुडबुडा नाही. दुसरीही भरून होते. चिठ्ठी, वेळ, सही, आणि दोन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत.

“कधी कळेल गं?”

“दोन आठवडे लागतील, काकू. तोवर हे पाणी नकोच. आंघोळीलासुद्धा नको. तापवलं की त्यातलं बाष्प न्हाणीघरात भरतं, आणि ते श्वासातून आत जातं.”

काकू क्षणभर तिच्याकडे बघतात. मग मागे वळून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला हाक मारतात, “अगं, मोटर लावू नकोस हं आज! मुलांना नळाच्या पाण्याने आंघोळ घाल!”