तार्ससचा आजारी राजा आणि परका वैद्य
इ.स.पू. ३३३ मध्ये आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील तार्सस येथे मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर गंभीर आजारी पडला. किडनस नदीच्या थंडगार पाण्यात पोहल्याने ताप आला, असे काही जण सांगतात. प्राचीन इतिहासकार अ‍ॅरियनने अतिश्रमाचे कारणही नोंदवले आहे. तिकडे त्याच्याशी लढण्यासाठी इराणी सम्राट तिसरा दरायस प्रचंड फौज जमवत होता. बरोबरचे वैद्य औषध द्यायला धजेनात. राजा दगावला तर मॅसेडोनियन लोक आपल्यालाच दोषी धरतील, ही भीती प्राचीन चरित्रकार प्लूटार्कने नोंदवली आहे. पुढे आला तो पश्चिम ग्रीसमधल्या अकार्नेनियाचा फिलिप, म्हणजे मॅसेडोनियन नसलेला वैद्य. त्याने जालीम रेचक सुचवले.

त्याच वेळी ज्येष्ठ सेनापती पार्मेनियनचे पत्र आले: फिलिपला दरायसने फितवले आहे, सावध राहा. हा इशारा कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता, म्हणूनच पुढची कृती विलक्षण ठरते. अलेक्झांडरने एका हाताने पत्र फिलिपला वाचायला दिले आणि त्याच क्षणी औषध प्यायले. फिलिप डगमगला नाही. सांगितलेले पथ्य पाळा, एवढेच त्याने विनवले. औषधाने आधी ग्लानी आली, मग राजा सावरला. त्याच वर्षाच्या अखेरीस इससच्या रणांगणावर त्याने दरायसला हरवले.