एकनाथ सोलकरला हॉल ऑफ फेममध्ये जागा हवी का?

रामनगरात टेनिस बॉलच्या मॅचेस बघताना एक वाद हमखास निघतो: नुसत्या फील्डिंगवर कुणी महान ठरतो का? माझं उत्तर ठरलेलं आहे. भारताचा कसोटीपटू एकनाथ सोलकर.

27 कसोटी, 53 झेल. म्हणजे सामन्यामागे जवळपास दोन! तुलनेला गावसकर घ्या: 125 कसोटींत 108. सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, बॅटपासून हातभर अंतरावर, तेही हेल्मेटशिवाय. 1971 च्या ओव्हल कसोटीत वेंकटराघवनच्या चेंडूवर त्याने झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला आणि इंग्लंडचा डाव 101 वर आटोपला. चंद्रशेखरचे 6 बळी सगळ्यांना आठवतात. पण त्याच सामन्यात सोलकरने 44 धावा केल्या आणि 3 बळीही घेतले, हे किती जणांना माहीत आहे?

विरोधातला मुद्दा खोटा नाही. कारकिर्दीत 1068 धावा, एकच शतक, 18 बळी. या आकड्यांवर आयसीसीच्या हॉल ऑफ फेमचं दार उघडणार नाही. तिथे मोजमाप मुख्यतः धावा आणि बळींचं.

पण फिरकीपटू बेदी-प्रसन्नांच्या खात्यातले कितीतरी बळी शॉर्ट लेगच्या हातांमुळे मिळालेत, त्याचं काय? अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ऑझी स्मिथला 2002 साली हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते प्रामुख्याने त्याच्या फील्डिंगसाठी. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा पोरगा सोलकर 2005 मध्ये वारला, पण म्हणून काय झालं? आयसीसी हॉल ऑफ फेमचा मरणोत्तर सन्मान विनू मंकडांना 2021 मध्ये मिळालाच की.

माझं मत सोलकरला. तुमचं?