‘फाल्कन’ : एका उद्धारनौकेचा सेवाकाल

पहिल्या महायुद्धातील तोफा थंडावल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, अमेरिकेच्या आरमारात रुजू झालेली ‘फाल्कन’ ही मूळची सुरुंग काढणारी एक लहानशी नौका. तिचे नाव पुढे बुडालेल्या पाणबुड्यांच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले. १९३९ साली तिने मिळविलेल्या यशाचे वर्णन बहुतेक लेखक करतात. पण ते यश ज्या दोन अपयशांतून घडले, त्यांचा विचार आधी केल्याखेरीज या नौकेचे खरे मोल कळणार नाही, असे मला वाटते.

२५ सप्टेंबर १९२५ च्या रात्री ब्लॉक आयलंडनजीक ‘सिटी ऑफ रोम’ या आगबोटीची धडक लागून ‘एस-५१’ ही पाणबुडी १३२ फूट खोल बुडाली आणि ३३ माणसे दगावली. कॅप्टन अर्नेस्ट किंग आणि एडवर्ड एल्सबर्ग यांच्या देखरेखीखाली ‘फाल्कन’वरील डायव्हरांनी पुढील वर्षी जुलैत ती वर काढली खरी, परंतु तो केवळ कलेवराचा उद्धार होता. आतली माणसे जिवंत बाहेर काढता यावीत म्हणून चार्ल्स मॉम्सेन या तरुण अधिकाऱ्याने बुडालेल्या पाणबुडीच्या दारावर घट्ट बसेल अशी घंटेच्या घाटाची कोठडी करण्याची योजना वरिष्ठांकडे दाखल केली. ती दप्तरातच पडून राहिली.

या दिरंगाईची किंमत १७ डिसेंबर १९२७ रोजी चुकवावी लागली. प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाच्या ‘पॉल्डिंग’ची धडक बसून ‘एस-४’ बुडाली, तेव्हा पुढच्या दालनात सहा जण जिवंत होते. ‘फाल्कन’वरून उतरलेला डायव्हर टॉमस ईडी याने पोलादावर ठोकताच आतून सहा ठोके परत आले. त्यांना बाहेर काढण्याचे साधन मात्र कोणापाशी नव्हते, आणि वादळाने तर पुढचे कामच बंद पाडले. ते सहाही जण, आपल्या डोक्यावर नौका उभी आहे हे ठाऊक असताना, गुदमरून मेले. या मोहिमेच्या साऱ्या कागदपत्रांत मला ते सहा ठोकेच सर्वांत मोठा आरोप वाटतात.

त्यानंतर त्या कोठडीला मंजुरी मिळाली. आरमारातील अधिकारी ॲलन मॅकॅन यांनी मॉम्सेन यांची कल्पना पूर्णत्वास नेली: पाणबुडीच्या दारास आधी डायव्हराने पोलादी दोर बांधायचा, त्या दोराला ओढत कोठडी खाली न्यायची, तिच्या तळाची रबरी कडा दाराभोवती टेकवून खालच्या कप्प्यातील पाणी काढायचे, म्हणजे समुद्राचा दाबच तिला जागी आवळून धरतो.

२३ मे १९३९ रोजी पोर्ट्समथजवळ ‘स्क्वॉलस’ ही नवी पाणबुडी, हवा घेणारी मुख्य झडप उघडी राहिल्याने, सुमारे २४० फूट खोल गेली. मागच्या भागातील २६ जण तत्काळ बुडाले आणि पुढच्या भागात ३३ जण उरले. दुसऱ्या दिवशी न्यू लंडनहून आलेल्या ‘फाल्कन’वरून डायव्हर मार्टिन सिबिट्स्की खाली उतरला आणि त्या खोलीवर साध्या हवेने बुद्धीला जी गुंगी येते तिच्याशी झगडत त्याने दोर अडकविला. मग कोठडीच्या चार खेपा झाल्या: सात, नऊ, नऊ आणि आठ. शेवटच्या खेपेत दोर अडकून त्याचे पदर तुटू लागले. पाणबुडीचा कप्तान नाक्विन याच्यासह आठ जण पाण्यात लोंबकळत राहिले, आणि अखेर खलाशांनी हातांनी दोर ओढून मध्यरात्रीनंतर कोठडी वर आणली. मॉम्सेन आणि मॅकॅन दोघेही त्या वेळी नौकेवर हजर होते. या मोहिमेतील चार डायव्हरांना देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

जून १९४१ मध्ये मात्र आयल्स ऑफ शोल्सनजीक ‘ओ-९’ ४४० फूट खोल बुडाली. ‘फाल्कन’वर उपाय होता, अनुभव होता, पण एवढ्या खोलीवर डायव्हरांना अत्यल्प काळच तग धरता आला, पाणबुडीचे कवच दाबाने चिरडले होते आणि आतील ३३ जणांपैकी कोणी वाचण्याची शक्यता उरली नव्हती, म्हणून मोहीम थांबविण्यात आली.

१९४६ साली ‘फाल्कन’ सेवामुक्त झाली आणि पुढील वर्षी विकली गेली. तोवर युद्धकाळात खास याच कामासाठी बांधलेल्या ‘चँटिक्लिअर’ वर्गाच्या नव्या उद्धारनौका, मॅकॅन यांची तीच कोठडी घेऊन, कामाला लागल्या होत्या.